पंचाहत्तर मिनिटांचा हिशेब: इंधन साठ्यांच्या अपघातांतून शिकून आपला डेपो कसा तपासावा

२९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रातील इंडियन ऑइलच्या डेपोतून शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या डेपोला पाइपलाइनने पेट्रोल द्यायचे होते. काम रोजच्या सवयीचे होते. टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग मोकळा करून घेण्याला डेपोत ‘लाइन-अप’ म्हणतात. ते करताना हॅमर ब्लाइंड व्हॉल्व्हची, पाइपचा मार्ग बंद करणारी पोलादी चकती बदलण्यासाठी त्याचे तोंड उघडलेले होते आणि त्याच वेळी टाकीच्या बाजूचा व्हॉल्व्हही उघडा होता. त्या उघड्या तोंडातून पेट्रोलचा फवारा उसळला. पुढची सुमारे पंचाहत्तर मिनिटे तो कोणालाही थांबवता आला नाही. अंदाजे १,००० टन पेट्रोल बाहेर पडले, वारा जवळजवळ पडलेला असल्यामुळे वाफा जमिनीलगत पसरत गेल्या आणि साडेसातच्या सुमारास त्यांचा स्फोट झाला. ११ माणसे गेली. टाक्यांना लागलेली आग इतकी मोठी होती की ती आपोआप जळून विझू द्यावी लागली, आणि त्याला अकरा दिवस लागले.

इंधन साठ्याच्या सुरक्षेविषयी लिहिताना मी या पंचाहत्तर मिनिटांपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळा धडा त्यांतच आहे. इंग्लंडमधील हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ रोजी पहाटे ९१२ क्रमांकाची टाकी भरून वाहू लागल्यापासून स्फोट होईपर्यंत सुमारे चोवीस मिनिटे मिळाली होती. जयपूरच्या दुर्घटनेच्या सहाच दिवस आधी, २३ ऑक्टोबर २००९ रोजी, प्वेर्तो रिकोतील बायामोन येथे कॅरिबियन पेट्रोलियमच्या साठ्यात टाकी ओसंडल्यानंतर स्फोट व्हायला सव्वीस मिनिटे लागली. तिन्ही ठिकाणी वेळ मिळाला होता. त्या वेळात गळती झाल्याचे कळण्याची, ती दुरून बंद करण्याची आणि माणसे बाहेर काढण्याची व्यवस्था मात्र कामाची राहिलेली नव्हती. म्हणून आपल्या डेपोची किंवा कारखान्यातील डिझेलच्या टाकीची तपासणी करताना पहिला प्रश्न असा विचारावा: आत्ता, या क्षणी, इंधन बाहेर पडू लागले, तर ते आपल्याला किती मिनिटांनी कळेल आणि त्यानंतर किती मिनिटांनी आपण ते थांबवू शकू? पुढील सर्व सूचना याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत. त्या मोठ्या टर्मिनलला जितक्या लागू पडतात, तितक्याच जनरेटरसाठी दहा-वीस किलोलिटर डिझेल ठेवणाऱ्या एमआयडीसीतील कारखान्यालाही लागू पडतात.

आधी आपली मिनिटे मोजा

कागद, पेन आणि टाकीचा व्यास एवढ्यावर हा हिशेब होतो. समजा टाकीचा व्यास २० मीटर आहे, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस मीटर. ताशी ४०० घनमीटर या वेगाने इंधन येत असेल, तर पातळी दर मिनिटाला सुमारे २१ मिलिमीटर वाढते. आता धोक्याचा अलार्म वाजल्यापासून प्रवाह खरोखर थांबेपर्यंतचा वेळ प्रामाणिकपणे मांडा: अलार्म लक्षात येऊन त्यावर विश्वास बसायला दोन मिनिटे, इंधन पाठवणाऱ्या केंद्राशी फोनवर बोलणे व्हायला तीन मिनिटे, व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला आणखी पाच. अशी दहा मिनिटे धरली, तर त्या काळात पातळी २१० मिलिमीटर चढलेली असेल. अलार्मची पातळी आणि टाकी ओसंडण्याची पातळी यांच्यात याहून बरेच जास्त अंतर हवे. तसे नसेल, तर तो अलार्म इंधन वाहू लागल्याची बातमी देईल, पण ते वाहण्यापासून थांबवू शकणार नाही.

येथे एक गोष्ट सहज निसटते. प्रवाहाचा वेग नेहमी सारखा राहत नाही. बन्सफील्डमध्ये टाकीत येणारा प्रवाह ताशी सुमारे ५५० घनमीटर होता आणि शेवटच्या काही मिनिटांत तो ताशी ८९० घनमीटरच्या आसपास गेला. दहा मिनिटांची सवड धरून बसलेल्या माणसाला अशा वेळी प्रत्यक्षात जेमतेम सहा मिनिटे मिळतात. म्हणून हिशेब सरासरी वेगावर न करता, पाइपलाइन देऊ शकेल अशा सर्वाधिक वेगावर करावा, आणि पाठवणाऱ्या केंद्राने कळवल्याशिवाय वेग वाढवायचा नाही, हे दोघांच्या लेखी करारात असावे.

लहान कारखान्यांना वाटते की आपला साठा थोडा, म्हणून धोकाही थोडा. मिनिटांचा हिशेब मात्र उलटे सांगतो. २ मीटर व्यासाच्या उभ्या टाकीत टँकरच्या पंपाने ताशी २० घनमीटर डिझेल सोडले, तर पातळी दर मिनिटाला दहा सेंटिमीटरहून जास्त वाढते. टँकर लावून चालक चहाला गेला आणि स्टोअरचा माणूस चलनावर सही घ्यायला ऑफिसात गेला, तर पाच मिनिटांत अर्ध्या मीटरहून अधिक पातळी चढते. त्यामुळे टँकर खाली होत असताना एक माणूस टाकीपाशी आणि एक टँकरच्या व्हॉल्व्हपाशी उभा राहील, आणि दोघेही प्रवाह पूर्ण थांबेपर्यंत हलणार नाहीत, एवढा एक नियमसुद्धा लहान कारखान्यात फार मोठे काम करतो. टँकर येण्याआधी डिप घेऊन, म्हणजे टाकीत मोजपट्टी सोडून पातळी मोजून, टाकीत किती जागा आहे ते लिहावे आणि तेवढी जागा असल्याशिवाय नळी जोडू देऊ नये.

मोजणाऱ्या उपकरणावर किती भिस्त ठेवावी

बन्सफील्डमध्ये टाकीची पातळी दाखवणारे उपकरण पहाटे तीनच्या सुमारास अडकले. पडद्यावर टाकी दोन-तृतीयांश भरलेली दिसत राहिली आणि प्रत्यक्षात पेट्रोल चढत राहिले. त्या टाकीवरचे पातळीचे अलार्म याच उपकरणावर अवलंबून होते; उपकरण अडकल्याबरोबर तेही मुके झाले. चौकशीत पुढे आलेली गोष्ट त्याहून गंभीर आहे. ३१ ऑगस्ट २००५ रोजी टाकी दुरुस्तीनंतर वापरात आल्यापासून अपघाताच्या दिवसापर्यंत हे उपकरण १४ वेळा अडकले होते. दर वेळी कोणीतरी ते हलवून पुन्हा चालू करीत असे. चौदा वेळा इशारा मिळाला आणि चौदाही वेळा तो किरकोळ दुरुस्तीत विरून गेला.

यावरून करायचे काम असे. पातळी दाखवणारे प्रत्येक उपकरण कितव्यांदा बंद पडले, हे एका नजरेत दिसेल अशी बिघाड नोंदवही टाकीवार ठेवा. तारीखवार नोंदवहीत हे दिसत नाही, कारण तिथे चौदा बिघाड चौदा वेगवेगळ्या पानांवर आणि वेगवेगळ्या पाळ्यांच्या अक्षरांत विखुरलेले असतात. तेच उपकरण तिसऱ्यांदा बिघडले, तर त्या टाकीत इंधन घेणे थांबवायचे आणि मूळ कारण सापडेपर्यंत सुरू करायचे नाही, असा नियम डेपो-व्यवस्थापकाच्या सहीने लावा. टाकी भरत असताना दर तासाला पडद्यावरील आकडा आणि आलेल्या मालाच्या मीटरवरून काढलेला आकडा यांची तुलना करा. प्रवाह चालू आहे आणि पातळी मात्र जागची हलत नाही, ही खूण अनुभवी माणसाच्या लगेच डोळ्यांत भरते. पण ज्याच्यासमोर एकच पडदा आहे आणि त्यावर अनेक टाक्यांच्या खिडक्या एकावर एक उघडलेल्या आहेत, त्याला ती दिसत नाही. बन्सफील्डच्या नियंत्रण कक्षात हीच अडचण होती. बायामोनमध्ये तर संगणकावर पातळी दिसण्याची सोयच चालत नव्हती आणि ऑपरेटर टाकीच्या बाजूच्या काट्यावरून आकडे नोंदवीत होते.

मुख्य उपकरण फसले तरी प्रवाह थांबवणारा एक स्वतंत्र स्विच बन्सफील्डमध्ये बसवलेला होता. तोही चालला नाही. त्याची चाचणी घेण्यासाठी एक छोटा दांडा होता आणि चाचणीनंतर तो दांडा योग्य जागी राहावा म्हणून त्याला कुलूप घालणे आवश्यक होते. हे कुलूप स्विचच्या कामाशी निगडित आहे, हे तो बसवणाऱ्यांना कळलेलेच नव्हते. कोणी छेडछाड करू नये म्हणून ते दिले असावे, असा समज होता. कुलूप घातले गेले नाही, दांडा जागेवर राहिला नाही आणि स्विच निकामी झाला. मला या अपघातातील हा तपशील सर्वांत अस्वस्थ करतो. टाकीवर चढून त्या स्विचकडे पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसले असते. नसलेले एक कुलूप तेवढे दिसले नसते.

म्हणून स्वतंत्र स्विचची चाचणी घेताना ‘दिवा लागला, बझर वाजला’ यावर समाधान मानू नये. स्विचपासून व्हॉल्व्ह बंद होईपर्यंतची पूर्ण साखळी एकदा तरी प्रत्यक्ष चालवून पाहावी. चाचणी संपल्यावर उपकरण पुन्हा कामाच्या स्थितीत आले आहे, याची खात्री चाचणी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने करून वेगळी सही करावी. उपकरण बसवणाऱ्या कंत्राटदाराला प्रत्येक सुट्या भागाचे काम काय आहे, हे विचारून मराठीत किंवा हिंदीत, जी भाषा आपले ऑपरेटर वाचतात त्या भाषेत, एका पानावर लिहून घ्यावे आणि ते पान उपकरणाच्या फाइलला लावावे.

व्हॉल्व्हचा क्रम आणि हॅमर ब्लाइंडची गोष्ट

जयपूरच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने तात्कालिक कारणे दोन सांगितली: व्हॉल्व्ह उघडण्याचा सुरक्षित क्रम पाळला गेला नाही, आणि मुळात हॅमर ब्लाइंडसारखा व्हॉल्व्ह वापरू देणारी रचना तिथे होती. ही दोन्ही कारणे एकत्र वाचली पाहिजेत. हॅमर ब्लाइंड म्हणजे पाइपमध्ये सरकवून मार्ग पक्का बंद करणारी पोलादी चकती. ती बदलायची झाली की वरचा भाग सैल करून मोठे तोंड हवेत उघडावे लागते. त्या काही क्षणांत टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद आहे, एवढ्या एकाच गोष्टीवर सगळी सुरक्षितता टांगलेली असते. माणूस चुकणार, हे गृहीत न धरणारी ती रचना होती.

आपल्या डेपोत असे एकेका माणसाच्या एकेका आठवणीवर टांगलेले सांधे किती आहेत, ते शोधायचे आहेत. त्यासाठी पाइपलाइनचा नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष जागेवर चाला आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून विचारा की हा चुकीच्या वेळी उघडला, तर इंधन कुठून बाहेर येईल. जिथे उत्तर ‘थेट हवेत’ असे येईल, तिथे लाल खूण करा. लाल खुणांच्या जागी आधी रचना बदलण्याचा विचार करावा: बंद अंगाचा व्हॉल्व्ह बसवणे, किंवा एक व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसऱ्याची किल्ली सुटणारच नाही अशी कुलपांची जोडी करणे. तोवरच्या काळासाठी कार्यपद्धती लिहावी. ती त्याच डेपोची, त्याच व्हॉल्व्हच्या क्रमांकांसह असावी; मुख्यालयातून आलेली सर्वसाधारण पुस्तिका कपाटात असणे पुरेसे नाही. त्या ठिकाणासाठी खास लिहिलेली कार्यपद्धती नसणे, हे समितीने नोंदवलेल्या मूळ कारणांपैकी एक होते.

कार्यपद्धती लिहिताना क्रमांक घालून एका ओळीत एकच कृती लिहावी आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहिण्यासाठी चौकट ठेवावी. ‘टाकीचा व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करून ब्लाइंड बदलावे’ या वाक्यात दोन कृती आहेत. घाईत दुसरीच लक्षात राहते. ‘टाकीचा व्हॉल्व्ह हाताने पूर्ण बंद केला. वेळ ____’ आणि त्याखाली ‘दुसऱ्या माणसाने चाक फिरवून पाहिले. वेळ ____’ असे लिहिले की खात्री करणे हे वेगळे काम होते. आणि कार्यपद्धती लिहायला बसताना त्या व्हॉल्व्हवर वीस वर्षे हात ठेवलेल्या माणसाला शेजारी बसवावे. त्याला ठाऊक असते की कोणते चाक पावसाळ्यात घट्ट होते आणि कोणत्या व्हॉल्व्हची दांडी बंद झाल्यासारखी दिसते, पण आतले दार पूर्ण बसलेले नसते.

जवळ न जाता बंद करता आले पाहिजे

जयपूरमध्ये पहिला ऑपरेटर पेट्रोलच्या फवाऱ्यात सापडला आणि त्याच्या मदतीला धावलेल्या सहकाऱ्यांनाही वाफांनी घेरले. दाट वाफांत माणूस काही श्वासांतच हतबल होतो. श्वसनयंत्र हाताशी नसताना तिथे पुन्हा जाऊन व्हॉल्व्ह बंद करणे कोणाच्याही शौर्याने शक्य नव्हते. मोटरने चालणारा टाकीचा व्हॉल्व्ह नियंत्रण कक्षातून बंद करता आला असता, परंतु ती सोय कित्येक वर्षे बंद पडलेली होती. समितीने गळती दुरून थांबवण्याच्या साधनाचा अभाव हेही मूळ कारणांत धरले.

दुरून चालणारा व्हॉल्व्ह ही खर्चाची गोष्ट आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या डेपोंत तो आधीच बसवलेला आहे, तिथे तो चालतो का, हे पाहण्याला खर्च येत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक टाकीचा व्हॉल्व्ह नियंत्रण कक्षातून बंद करून, बाहेर उभ्या माणसाने चाकाची दांडी खाली गेल्याचे पाहून, बंद व्हायला लागलेले सेकंद लिहावेत. सेकंद वाढत चालले की मोटर किंवा गिअर थकत असल्याचे महिनोन्‌महिने आधी कळते. व्हॉल्व्हची केबल आगीत लगेच वितळणार नाही अशा आवरणाची आहे का, आणि आपत्कालीन बटण डाइकच्या (टाकीभोवतीच्या भिंतीच्या) बाहेर, वाऱ्याच्या दोन वेगवेगळ्या दिशांना, अशा किमान दोन जागी आहे का, हेही पाहावे.

लहान कारखान्यात मोटरचा व्हॉल्व्ह नसेल, तर टाकीच्या तोंडाशी असा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, ज्याला तारेने किंवा दोरीने दुरून ओढून बंद करता येईल. टँकरचा आपत्कालीन व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कसा ओढायचा, हे चालकाकडून माल उतरवण्यापूर्वी दाखवून घ्यावे. प्रत्येक टँकरवर तो एकाच जागी असतो असे नाही.

मदतीला धावण्याविषयी स्पष्ट नियम हवा आणि तो सर्वांना पाठ हवा. पेट्रोलच्या ढगात पडलेल्या सहकाऱ्याकडे श्वसनयंत्राशिवाय कोणीही जायचे नाही. हा नियम ऐकायला निष्ठुर वाटतो, म्हणूनच तो शांत दिवशी, सर्वांशी बोलून, कारणांसह समजावला पाहिजे. त्याच्या जोडीला दोन श्वसनयंत्रे नियंत्रण कक्षाबाहेर, कुलपाविना, भरलेल्या सिलिंडरसह असली पाहिजेत आणि प्रत्येक पाळीत ती घालून काम करू शकणारी दोन माणसे असली पाहिजेत. रात्रपाळीत एखादा माणूस लवकर घरी गेला किंवा गैरहजर राहिला, तर इंधन घेणे-देणे सुरू करायचे नाही. माणसे पुरी झाल्यावरच करायचे.

डाइक आणि त्याच्या तळाचा तो छोटा व्हॉल्व्ह

टाकीभोवतीची डाइक, म्हणजे बंधाऱ्यासारखी भिंत, सर्वांत मोठ्या टाकीतला पूर्ण साठा आत मावेल अशी बांधलेली असते. या सगळ्या बांधकामाचा उपयोग तळाशी असलेल्या पाणी सोडण्याच्या व्हॉल्व्हवर अवलंबून असतो. जयपूरमध्ये हा व्हॉल्व्ह उघडा राहिला असावा आणि त्यातून पेट्रोल पावसाच्या गटारात गेले, असे चौकशीतून दिसते. गटारातून गेलेले इंधन डेपोच्या दुसऱ्या टोकापर्यंत वाफा पोहोचवते. बायामोनमध्येही ठिणगी टाकीजवळ पडली नव्हती. वाफा सांडपाणी प्रक्रियेच्या भागापर्यंत गेल्या आणि तिथे पेटल्या.

कोकणात आणि मुंबईच्या परिसरात हा विषय पावसाळ्यात फार महत्त्वाचा होतो. ५० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद डाइकमध्ये एका दिवसाच्या १०० मिलिमीटर पावसाने २०० घनमीटर पाणी साठते. दिवसातून दोनदा पाणी सोडायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा सोडायचे, असे जून ते सप्टेंबर चालते आणि साहजिकच कोणाला तरी वाटते की व्हॉल्व्ह उघडाच ठेवला तर काय बिघडले. एका डेपोच्या भेटीत मी अशा व्हॉल्व्हपाशी वाकून पाहिले. चाकावरचा रंग पोपडे येऊन गेला होता, ‘उघडा’ आणि ‘बंद’ यांचे बाण पुसले गेले होते आणि सोबतच्या ऑपरेटरलासुद्धा तो कोणत्या स्थितीत आहे, हे चाक फिरवून पाहिल्याशिवाय सांगता आले नाही. तो थोडासा उघडा होता. वर्षभराच्या तपासणी अहवालांत त्या व्हॉल्व्हपुढे ‘ठीक’ असे लिहिलेले होते.

पाणी सोडण्याची पद्धत अशी ठेवावी. व्हॉल्व्ह डाइकच्या बाहेर असावा, कायम कुलूपबंद असावा आणि किल्ली पाळी-अधिकाऱ्याकडे असावी. पाणी सोडायचे झाल्यास आधी पाण्यावर तेलाचा तवंग किंवा वास आहे का ते पाहावे, मग किल्ली घेऊन उघडावा, पाणी संपेपर्यंत तिथेच उभे राहावे, बंद करून किल्ली परत करावी आणि दोन्ही वेळा नोंदवाव्यात. किल्ली खुंटीवर नसेल, तर व्हॉल्व्ह उघडा आहे, एवढा सोपा अर्थ सर्वांना कळतो. व्हॉल्व्हची दांडी लांबून दिसेल अशी, बंद असताना आडवी आणि उघडी असताना उभी, ठेवता आली तर फारच चांगले. टाकी भरत असताना किंवा तिच्यातून माल देत असताना डाइकचे पाणी सोडण्यास पूर्ण बंदी असावी, मग पाऊस कितीही असो.

बन्सफील्डमध्ये आग विझवताना वापरलेले पाणी आणि फोम डाइकबाहेर झिरपून भूजलात गेले. विहिरी आणि नदी जवळ असलेल्या जागी, विझवण्याचे पाणी कुठे साठवायचे, याचा विचार आधीच करून ठेवावा.

वाफ, ठिणगी आणि वीज

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले की ती पेटू शकते. ओसंडणाऱ्या टाकीवरून पेट्रोल खाली पडताना मधल्या कड्यांवर आपटून त्याचे बारीक थेंब होतात आणि नुसते जमिनीवर साचलेल्या पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक वाफ तयार होते. बन्सफील्डपूर्वी उघड्यावरच्या पेट्रोलची आग होईल, एवढेच गृहीत धरले जात असे. इतका मोठा स्फोट होईल असे धरलेले नव्हते. त्या पहाटेच्या कॅमेऱ्यांत गुडघ्यापासून डोक्यापर्यंत उंचीचे पांढरे धुके पसरताना दिसते. बिनवाऱ्याच्या रात्री किंवा पहाटे डेपोत असे धुके दिसले आणि पेट्रोलचा वास आला, तर कोणतेही वाहन सुरू करायचे नाही, दिव्याचे बटण दाबायचे नाही आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालत बाहेर पडायचे. सुरक्षारक्षक आणि टँकरचालक यांना हे सर्वांत आधी शिकवावे, कारण धुके बहुधा त्यांनाच प्रथम दिसते. बन्सफील्डमध्ये ठिणगी बहुधा अग्निशमनाच्या पंपघरातच पडली. म्हणून आगीचे पंप आणि नियंत्रण कक्ष टाक्यांपासून पुरेसे लांब असावेत आणि जवळच्या भागात सर्व विद्युत साहित्य ज्वालारोधक असावे.

स्थिर विद्युत आणि आकाशातील वीज यांबद्दल थोडक्यात. रिकाम्या टाकीत इंधन सोडताना आत येणाऱ्या पाइपचे तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरहून अधिक नसावा. मोठी टाकी भरल्यावर अर्धा तास थांबूनच डिप घ्यावी. अर्थिंगच्या जोडण्या पावसाळ्याआधी मोजून घ्याव्यात. मुंबई बंदरातील बुचर बेटावर ६ ऑक्टोबर २०१७ रोजी वीज पडून डिझेलची टाकी पेटली. ऑगस्ट २०२२ मध्ये क्यूबातील मातान्सास येथे वीज पडून लागलेल्या आगीत टाकीमागून टाकी गेली आणि आग विझवणाऱ्यांचे बळी गेले. डिझेल सहजासहजी पेटत नाही, या समजुतीवर विसंबू नये.

कायद्याची चौकट

लहान कारखान्यांतून एक प्रश्न वारंवार येतो, म्हणून सांगतो. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे डिझेलसारख्या ‘ब’ वर्गातील इंधनाचा साठा एकूण २,५०० लिटरपर्यंत असेल आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरहून मोठे नसेल, तर परवाना लागत नाही. त्यापुढे पेट्रोलियम नियम, २००२ खाली परवाना घ्यावा लागतो. तो देणाऱ्या पेसो (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. मोठ्या साठ्यांना धोकादायक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम लागू होतात आणि त्यांनुसार कारखान्याने आवारातील आपत्कालीन योजना व जिल्हा प्रशासनाने आवाराबाहेरची योजना तयार ठेवावी लागते. तेल डेपोंसाठी ओआयएसडीची (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची) मानके आहेतच. परवाना असणे आणि मिनिटांचा हिशेब जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली की दुसरी आपोआप होत नाही.

आवाराबाहेरच्या योजनेकडे शेजाऱ्यांच्या दृष्टीने पाहावे. मेक्सिको शहराजवळच्या सान हुआनिको येथे १९ नोव्हेंबर १९८४ रोजी एलपीजीच्या साठ्यात झालेल्या स्फोटांत सुमारे ५०० माणसे मेली, कारण वस्ती साठ्याच्या अगदी कडेला येऊन भिडलेली होती. साठा आधी आला की वस्ती, या वादात न पडता, कुंपणापलीकडच्या शाळेला, सोसायटीला आणि टपरीवाल्यांना सायरनचा अर्थ सांगावा आणि वर्षातून एकदा त्यांना सरावात घ्यावे.

घड्याळ लावून सराव

बहुतेक सराव आग लागल्यापासून सुरू होतात: धूर सोडतात, फोम मारतात, फोटो निघतात. तसा सराव करायला हरकत नाही, पण वर सांगितलेली मिनिटे त्यात मोजलीच जात नाहीत. पुढचा सराव गळतीपासून सुरू करा. आधी न सांगता, रात्री नऊनंतर, एखाद्या टाकीपाशी पाण्याची बादली ओतून ‘इथे पेट्रोल वाहते आहे’ अशी पाटी लावा आणि घड्याळ सुरू करा. कोणाला किती मिनिटांनी कळले, नियंत्रण कक्षाला कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगितले, पाठवणाऱ्या केंद्राचा फोन कितव्या प्रयत्नात लागला, कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा हे ठरायला किती वेळ गेला, गेटवर उभे टँकर इंजिने बंद ठेवून थांबले का, आणि शेवटचा कंत्राटी कामगार सभास्थळी कधी मोजला गेला, हे सर्व वेळेसह लिहा.

पहिल्या सरावात हे आकडे वाईट येतील. ते खाली-वर न करता, जसे आले तसे पाळीबदलाच्या फळ्यावर लावा. सर्वांत जास्त मिनिटे जिथे गेली, तेवढीच एक अडचण पुढच्या महिनाभरात दूर करा. बहुधा ती फोन नंबर, किल्ली किंवा अंधार यांसारखी साधी निघते. मग दुसऱ्या टाकीवर, दुसऱ्या पाळीत, पुन्हा घड्याळ लावा.